पाचव्या सत्रातले तीन डब्ल्यू

पुण्याच्या संस्थेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा मी कडा गावच्या दवाखान्यात माझ्या टेबलाशी बसले होते. समोर एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या ऑपरेशनची कागदपत्रं घेऊन उभे होते. रेशनकार्डावर तिचं नाव एक आणि आधारवर दुसरं, अशी नेहमीची भानगड. मोबाईलवर मेल आल्याचं दिसलं, तरी मी त्यांचं काम संपवलं, त्यांना झेरॉक्सला पाठवलं, आणि मग मेल उघडला.

रुग्णालय व्यवस्थापनाचा तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम, संभाजीनगरलाही मी तसाच अर्ज केला होता. लेखी परीक्षेत मी पास झाले होते, आता मुलाखत. मेलच्या खाली सोबत आणायच्या कागदांची नावं होती आणि त्यात पहिलंच होतं, पदवीच्या सगळ्या सत्रांचं एकत्रित गुणपत्रक. त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. ते वाचलं आणि मी मोबाईल उलटा ठेवला. आनंद झाला असेलही, पण तो कधी येऊन गेला ते कळलं नाही.

माझ्या त्या गुणपत्रकात पाचव्या सत्राच्या तीन विषयांपुढे गुण नाहीत. तिथं नुसता इंग्रजी डब्ल्यू छापलेला आहे. एकाखाली एक, तीन वेळा.

ते कसे आले ते आधी सांगते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं. माहेर आष्टीकडचं, सासर कड्याजवळच्या वस्तीवर. सासरी थोडी शेती आणि शेरडं-मेंढरं. नवरा साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला. मुलीला पुढं शिकू देऊ, असं बैठकीत बोलणं झालं होतं आणि नवऱ्यानं ते पाळलं. रोज सकाळी तो मला मोटरसायकलवरून कड्याच्या स्टँडवर सोडायचा, तिथून एसटीनं नगर. कॉलेज स्वायत्त होतं, क्रेडिटची नवी पद्धत होती. ठरलेल्या तारखेच्या आत एखादा विषय सोडला तर नापास लागत नसे, फक्त त्यापुढे डब्ल्यू यायचा, म्हणजे विथड्रॉन, विषय सोडलेला.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मला दिवस गेले. पहिले काही आठवडे मी एसटीत खिडकीची जागा धरून, ओढणीत लिंबू बांधून काढले. मग एक दिवस कॉलेजच्या जिन्यात रक्त दिसलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "वार खाली आहे, प्लॅसेंटा. एसटी बंद, जिने बंद. झोपून राहायचं."

आमच्या विभागाच्या मॅडमना मी फोनवर रडत रडत हे सांगितलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "हे बघ, प्रॅक्टिकलचे तीन विषय सोड. परीक्षेला बसून नापास झालीस तर ते गुणपत्रकात कायमचं राहील आणि सरासरीही उतरेल. सोडलास तर सरासरीला धक्का नाही. उरलेले दोन घरी वाच, हजेरीसाठी डॉक्टरांचा कागद पाठव."

मी तसंच केलं. दोन विषयांची परीक्षा दिली, पोरगी झाली, आणि पुढच्या वर्षी सोडलेले तिन्ही विषय परत घेतले, राहिलेलं सहावं सत्रही केलं. पोरीला अंगावर पाजून एसटी पकडायची आणि दुपारी छाती दुखायला लागली की कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन उभं राहायचं, असं ते वर्ष गेलं. गुण चांगले मिळाले. पदवी हातात आली तेव्हा मला वाटलं, हे प्रकरण संपलं. मग कड्याच्या दवाखान्यात ऑफिसचं काम मिळालं. सरकारी योजनेत बसणाऱ्या रुग्णांची कागदपत्रं तयार करायची, मंजुरीच्या मागे लागायचं. त्या कामात मन रमलं आणि तिथूनच हे शिक्षण घ्यावं असं डोक्यात आलं.

मुलाखतीची तयारी करून घेणारे एक सर नगरला होते. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी मला नाव-गाव विचारलं, हसून बोलले आणि मग गुणपत्रक हातात घेतलं. पान उलटलं आणि त्यांचं बोट पाचव्या सत्रावर जाऊन थांबलं.

"हे काय?"

"सोडलेले विषय आहेत, सर. पुढच्या वर्षी परत घेतले. खाली आहेत बघा."

"ते दिसतंय. पण त्यांची नजर आधी इथं जाणार, खाली नंतर." त्यांनी चष्मा काढला. "एक बरं आहे, तिन्ही एकाच सत्रात आहेत. प्रत्येक सत्रात एकेक असता तर म्हणाले असते, ही मुलगी अवघड गेलं की सोडून देते. एकाच सत्रात तीन म्हणजे काहीतरी घडलं होतं. काय घडलं होतं?"

"बाळंतपण."

त्यांनी चष्मा परत लावला. मग म्हणाले, "कारण खरं आहे, पण ते सांगू नका. प्रकृतीच्या कारणामुळे, एवढंच म्हणा. खोटं नाही ते."

"पण का, सर?"

"बाळंतपण म्हणालात की पुढचा प्रश्न आलाच. मूल केवढं आहे? अभ्यासक्रम निवासी आहे, मूल कुणाजवळ राहणार? ते आजारी पडलं तर? तुम्ही मागच्या तीन विषयांचं उत्तर द्यायला जाल आणि पुढच्या दोन वर्षांची शंका त्यांच्या हातात देऊन याल. एक जागा वाया जाईल असं त्यांना वाटलं, तर ते दुसऱ्याला घेतील."

परतीच्या एसटीत माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं. डब्ल्यूचं कारण नाही सांगितलं तर मी कच्ची ठरते, आणि सांगितलं तर आई ठरते. दोन्हीकडून अडचणच. त्याआधी मला फक्त तीन अक्षरांची भीती होती. सरांकडे जाऊन आल्यावर मला माझ्या लेकीची भीती वाटायला लागली, आणि ते मनात आलं म्हणून स्वतःची लाजही वाटली.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "विषय परत घेतलेस ना? गुण मिळवलेस ना? मग जे होतं ते सरळ सांग."

"सर म्हणतात, सांगू नका."

"ते त्यांचा अनुभव सांगत असतील. मी माझं मत सांगते. बोलायचं तुला आहे."

दोघंही माझ्या भल्याचंच सांगत होते, त्यामुळे कुणावर रागावताही येईना. मग मी मोबाईलवर शोधत बसायला लागले. तिथं सगळे प्रश्न परदेशातल्या मुलांचे आणि उत्तरंही तिकडच्याच लोकांची. कुणी म्हणे, असल्या गोष्टीकडे कुणी बघत नाही. कुणी म्हणे, एक चालतो, तीन म्हणजे धोक्याची खूण. वाचताना माझ्यासारखीच एखादी सापडावी असं वाटायचं. वस्तीवरची, एसटीनं कॉलेजला जाणारी, वार खाली असलेली. ती कुठं सापडणार?

मुलाखत जवळ यायला लागली तसं माझं कशात लक्ष लागेना. गुणपत्रकाचा फोटो मोबाईलमध्ये होता, तो मी दिवसातून कितीदा तरी उघडायचे आणि बोटांनी मोठा करायचे. जणू बघून बघून ती अक्षरं पुसट होणार होती. दवाखान्यात एका बाईची फाईल मी दुसऱ्याच बाईच्या गठ्ठ्यात लावली. डॉक्टरांच्या लक्षात आलं. ते ओरडले नाहीत, "तुमचं असं कधी होत नाही," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी शेरडांचा वाडा झाडताना, लेंड्या भरताना, भाकरी थापताना मी इंग्रजीत पुटपुटायचे. प्रकृतीच्या कारणामुळे. वैयक्तिक कारणामुळे. वैद्यकीय सल्ल्यानुसार. कुठलंही वाक्य तोंडात नीट बसत नव्हतं. पोरगी तेव्हा अंगणवाडीत जायला लागली होती. ती मागं मागं फिरायची आणि ऐकायची. तिला त्यातला डब्ल्यू हा शब्द आवडला. त्या आठवड्यात एका शेळीला काळं करडू झालं होतं, त्याला ती "डबलू, डबलू" म्हणून हाका मारायला लागली. घरातले सगळेच मग त्याला डबलू म्हणू लागले. मला हसू यायला पाहिजे होतं. मी एकदा तिच्यावर खेकसले, "गप बस म्हणलं ना." ती करडाच्या गळ्यात हात टाकून माझ्याकडे बघत राहिली.

सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. आत्या दिवसभर शेरडं घेऊन डोंगराच्या बाजूला जायच्या. सकाळी पोरगी अंगणवाडीत, तिथून सासरे, म्हणजे मामा, तिला घेऊन यायचे आणि दुपारी मी दवाखान्यातून परतायचे. एका संध्याकाळी आत्या शेरडं कोंडून आल्या आणि चुलीजवळ बसल्या. मी पीठ मळत होते.

"काय गं पुटपुटती सारखी? आठ दिस झालं बघती मी."

मी त्यांना सगळं सांगितलं. सोडलेले विषय, ती अक्षरं, सरांचं म्हणणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"कावून लपवायचं?" त्या म्हणाल्या. "लेकरू काय चोरून आनलंय का?"

"तसं नाही आत्या. ते पुढं विचारतील, लेकरू कुणाकडं राहणार म्हणून."

"मग काय सांगनार तू?"

"तुमच्याकडं राहील म्हणून."

आत्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "मला इचारलंय का कुनी?"

माझे हात पिठातच थांबले. खरंच कुणी विचारलं नव्हतं. फॉर्म भरला तेव्हापासून घरात बोलणं चालू होतं, नवरा म्हणत होता, मी म्हणत होते, पोरीचं काय, आई आहे की. ते आम्ही एकमेकांना सांगितलं होतं. त्यांना नाही. आत्या उठल्या, लुगड्याला हात पुसले आणि परत वाड्याकडं गेल्या, जरी शेरडांचं सगळं उरकलं होतं.

रात्रीची जेवणं झाली. नवऱ्याला मी बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही आत्यांना विचारलं होतं का?"

"त्यात काय इचारायचं? आईच हाय ती. नातीला टाकून देती का?"

"टाकायचा प्रश्न नाही. विचारायचा आहे."

"तू मुलाखतीचं बघ गं. घरचं होतंय सगळं."

पण मला मुलाखतीचं बघताच येईना. सरांचा तो प्रश्न, मूल कुणाजवळ राहणार, मी इतके दिवस पुण्याच्या टेबलापलीकडच्या माणसांचा समजत होते. तो आमच्याच घरात पडून होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आत्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. पोरीचं सगळं नेहमीसारखंच करत होत्या, तिला न्हाऊ घालत होत्या, कानात तेल सोडत होत्या. मला मात्र त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. आता त्या नाहीच म्हणाल्या तर? आणि माझ्या भिडेखातर हो म्हणाल्या तर ते तरी कसं घ्यायचं?

मग एका सकाळी त्या शेळीची धार काढत होत्या. मी भांडं घ्यायला गेले तशा मान वर न करता म्हणाल्या, "बस जरा."

मी उकिडवी बसले.

"लगीन हून आले तवापासनं मी शेरडं राखती. तुज्या मामाला वाटतं काम म्हनून जाती. मला घरात बसवत न्हाई, पोरी. चार भिंतीत माजा जीव गुदमरतो. तिकडं डोंगराच्या अंगाला गेलं की कसं, कुनी हाका मारत न्हाई. माज्याच मनाची असती मी." त्यांनी शेळीच्या पाठीवर थाप मारून तिला सोडलं. "तुमी मला घरी बसवायला निगालात. बसवा, पन सांगून बसवा."

इतक्या वर्षांत त्यांच्या डोंगरावर जाण्याकडं मी कधी असं बघितलंच नव्हतं. "मी नाही जात, आत्या," मी म्हणाले. ते मी मनापासून म्हणाले की भीतीनं, आजही सांगता येत नाही. मुलाखतीतून सुटायची वाट दिसली होती, हेही खरं.

"जाऊ नको कोन म्हनलं? बोलून ठरवायचं म्हनते मी."

त्यांनी ठरवूनच ठेवलं होतं. निम्मी शेरडं कमी करायची. सकाळी मामा चारून आणतील, तेवढं त्यांच्या गुडघ्याला झेपेल, आणि त्या वेळात आत्या पोरीचं बघतील. दुपारी आत्या शेरडं घेऊन जातील, कारण दुपार त्यांना सोडायची नव्हती. दुपारचं पोरीला बापानं सांभाळायचं, त्यासाठी कारखान्यात पाळी बदलून घ्यायची.

"आन् तू दर शनवारी यायचं. न्हाई आलीस तर पोरगी घिऊन मी तितं येईन, आदीच सांगून ठिवती."

नवऱ्याला हे त्यांनी माझ्या देखत सांगितलं. तो म्हणाला, "पाळी बदलून कोन देतंय?"

"इचार तर."

दोन दिवस तो नाराज होता. मग त्यानं विचारलं, आणि हंगाम सुरू झाला की बघू, असं उत्तर आणलं. आत्यांनी ते उत्तर घेतलं नाही, त्याला परत पाठवलं. दुसऱ्यांदा तो पहाटेची पाळी पक्की करून आला.

पुण्याला नवरा माझ्याबरोबर आला होता. तो बाहेर चहाच्या टपरीवर थांबला. आत खुर्च्यांवर बसलेली बाकीची मुलं आपसांत इंग्रजीतच बोलत होती. शेजारच्या मुलीनं मला विचारलं, कुठल्या कॉलेजची, आणि मी नगरचं सांगितल्यावर तिनं छान मान हलवली, पण पुढं काही विचारलं नाही. फाईलच्या प्लास्टिकवर बोटांचे ठसे उमटत होते, ते मी ओढणीनं पुसत होते.

आत तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. सुरुवातीला त्यांनी दवाखान्याच्या कामाबद्दल विचारलं. मंजुरी अडकते ती कुठं, रुग्णाला किती दिवस थांबावं लागतं. ते मला येत होतं. इंग्रजी अडखळत होतं पण बोलणं चाललं होतं. मधल्या माणसानं पान उलटलं आणि माझं सगळं ध्यान त्या पानावर गेलं. बाईंच्या पुढच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला ऐकूच आला नाही, परत विचारा असं म्हणावं लागलं.

मग तो म्हणाला, "पाचव्या सत्रात तीन विषय सोडलेत. कारण?"

"प्रकृतीच्या कारणामुळे," मी पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं. ते इतक्या पटकन बाहेर आलं की पाठ केलंय हे मलाच ऐकू आलं.

"काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

सर म्हणाले होते, यापुढं खाजगी आहे असं सांगायचं. मी तोंड उघडलं आणि ते सांगता येईना. "मी गरोदर होते," मी म्हणाले. "वार खाली होती, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. मुलगी झाली. पुढच्या वर्षी तिन्ही विषय परत घेतले." मग इंग्रजी सुटलं आणि मराठीत म्हणाले, "ते खालच्या बाजूला आहेत."

मधल्या माणसानं खाली बघितलं की नाही, मला आठवत नाही. तो म्हणाला, "इथं दोन वर्षं राहावं लागेल. मुलगी?"

मी सांगितलं. सकाळी सासू, दुपारी नवरा, शनिवारी मी. ते सांगताना माझा आवाज प्रथमच स्थिर होता, कारण ते ठरलेलं होतं.

"समजा परीक्षेच्या दिवसांत ती आजारी पडली. तेव्हा परत विषय सोडाल?"

याचं उत्तर कुणी शिकवलेलं नव्हतं. "सोडणार नाही असं म्हणायला पाहिजे, मला माहीत आहे," मी म्हणाले. "पण तिला काय झालंय त्यावर ते राहील. साधा ताप असेल तर घरचे बघतील. मोठं काही असेल तर मी जाईन. आणि सोडलंच तर परत घेईन."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "ठीक आहे," मधला म्हणाला. त्या ठीक आहेचा अर्थ मी पुढचे कितीतरी दिवस लावत बसले. नवऱ्यानं बाहेर विचारलं, कसं झालं, तर मीही ठीक आहे म्हणाले. एसटी शिरूर सोडून पुढं आली तरी मी तेच वाक्य वेगवेगळ्या प्रकारे जुळवत होते. मोठं काही असेल तर मी जाईन, हे म्हणायला नको होतं. पण मग काय म्हणायला हवं होतं?

यादी लागली तेव्हा माझं नाव प्रतीक्षायादीत होतं. रोज संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन बघायचे, वरची नावं कमी झाली का. थोडी कमी झाली, माझ्यापर्यंत आली नाहीत. प्रवेश बंद झाला. त्यांनी कारण कळवलं नाही, ते कुणालाच कळवत नसतात. ते तीन विषयांमुळे झालं, की मुलीमुळे, की माझ्या इंग्रजीमुळे, की माझ्यापेक्षा चांगली मुलं होती एवढंच, हे मला कधीच कळणार नाही. नगरच्या सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "अजून एक मुलाखत आहे ना तुमची? तिथं बघू." मी सांगितलेलं ऐकलं नाहीत, असं ते म्हणाले नाहीत. त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

दुसरी मुलाखत संभाजीनगरला होती. या वेळी मी वाक्य पाठ केलं नाही, पण भीती तेवढीच होती. उलट जास्त, कारण यानंतर त्या वर्षी काही उरलं नव्हतं. इथं दोघंच होते. एक वयस्क डॉक्टर, विभागाचे प्रमुख, आणि एक तरुण प्राध्यापक. डॉक्टरांनी माझं गुणपत्रक सावकाश, पानापानानं वाचलं. मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, योजनेतून नाकारलेल्या प्रकरणांचं पुढं काय होतं. मग विचारलं, दवाखान्यात नोंदी कुणी ठेवायच्या असं तुम्हाला वाटतं. दरवेळी मला वाटायचं, आता पाचवं सत्र. दरवेळी भलताच प्रश्न यायचा आणि मी एक श्वास उशिरा उत्तर द्यायचे.

शेवटी ते म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

उठून जायला हवं होतं. कुणीही शहाणं माणूस उठलं असतं. पण तो न विचारलेला प्रश्न घेऊन परत एसटीत बसायचं मला सहन होणार नव्हतं. "सर, पाचव्या सत्रात मी तीन विषय सोडलेत," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं नाही."

तरुण प्राध्यापकानं मान खाली घालून हसू लपवलं. डॉक्टरांनी पान परत उघडलं.

"पाहिलं मी ते. सोडलेत, आणि पुढच्या वर्षी घेतलेत. गुणही बरे आहेत. सोडून परत घेतलेच नसते, किंवा दरवर्षी सोडत गेला असतात, तर विचारलं असतं." त्यांनी पान मिटलं. "काही कारण असेल तुमचं. ते सांगायलाच पाहिजे असं नाही."

"बाळंतपण होतं," मी तरीही म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"बरं," ते परत म्हणाले, आणि पुढच्या उमेदवाराला आत पाठवायला सांगितलं.

बाहेर आल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं, पण राग आला होता. कुणावर ते कळत नव्हतं. वाचायला दोन मिनिटं लागली होती त्यांना. मी आठवडेच्या आठवडे पोरीवर खेकसत, चुकीच्या फायली लावत, एका अक्षरापुढे जीव मुठीत धरून बसले होते. आणि तरी पुण्यातल्या त्या माणसानं ते विचारलंच होतं, म्हणजे माझी भीती अगदीच खोटी नव्हती. एकाच कागदाकडे एकानं असं बघितलं, दुसऱ्यानं तसं. मी काहीही केलं असतं तरी समोर कोण बसणार हे माझ्या हातात नव्हतं.

संभाजीनगरच्या पहिल्याच यादीत माझं नाव आलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पेढे आणायला लावले. मॅडमनी फोनवर "शाबास" म्हटलं आणि लगेच वसतिगृहाची चौकशी केली. निम्मी शेरडं बाजाराला गेली, त्या दिवशी आत्या आष्टीपर्यंत मामांबरोबर गेल्या आणि येताना एकट्याच पुढं चालत आल्या. निरोपाच्या सकाळी पोरगी मजेत होती, तिला वाटलं मी नेहमीसारखी दवाखान्यात चाललेय. ते मला जास्त लागलं.

पहिला आठवडा वर्गात काय शिकवलं ते मला आज आठवत नाही. शनिवारी दोन एसट्या बदलून वस्तीवर पोहोचले तर घराला कडी. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरगी आज हट्ट धरून शेरडांमागं गेली आज्जीबरोबर." मी पिशवी ओट्यावर ठेवली आणि डोंगराच्या बाजूला चालायला लागले. चालताना परत तीच धास्ती. ती मला बघून रडेल का, की ओळखच दाखवणार नाही?

लांबूनच आत्या दिसल्या, दगडावर बसलेल्या. पोरगी हातात काठी घेऊन उभी होती, काठी तिच्याहून उंच. तिनं मला बघितलं. धावत आली नाही. "आई, तू तितंच थांब," ती ओरडून म्हणाली, "मी शेरडं वळवून येते."

मी थांबले. आत्यांनी मला दगडावर बाजूला जागा करून दिली आणि विचारलं, "जेवलीस का?"

जेवले नव्हते. त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली.